जावा स्विंगची टूलटिप: एका ओळीत मिळते, पण क्लिक कुठे जातो ते बघा

औषधांच्या होलसेल दुकानांत चालणारं एक बिलिंग सॉफ्टवेअर मी सांभाळते. ते स्विंगमध्ये, म्हणजे जावातल्या खिडक्या-बटणं बनवायच्या साधनसंचात आहे. हो, १९९८ साली जावा १.२ बरोबर आलेलं तेच स्विंग. हसायचं असेल तर हसून घ्या, काउंटरवर ते मुकाट्याने चालतंय.

साध्या सूचनेसाठी याची टूलटिप, म्हणजे कर्सर थांबला की उमटणारी छोटी चौकट, झकास आहे. 'सेट टूलटिप टेक्स्ट' लिहिलं की काम झालं. मजकुराच्या सुरुवातीला एचटीएमएल टॅग टाकला तर ठळक अक्षरं, दोन ओळी, सगळं जमतं. कर्सर थांबल्यावर ७५० मिलिसेकंदांनी ती दिसते आणि ४ सेकंदांनी आपोआप जाते. आमचे एक गिऱ्हाईक काका चष्मा कपाळावरून खाली घेईपर्यंत बॅच नंबर गायब झालेला असतो! वेळ वाढवता येते, पण टूलटिप मॅनेजर अख्ख्या प्रोग्रॅमला एकच, त्यामुळे ती सगळीकडेच वाढते. मी वाढवून टाकली. कुणाची तक्रार नाही.

खरी मेख माउसच्या इव्हेंटमध्ये (क्लिक, हालचाल यांची प्रोग्रॅमला मिळणारी खबर) आहे. आमच्याकडे प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक पॅनेल (स्क्रीनवरचा चौकोन) असतं, त्यात नाव आणि उधारीची लेबलं. पॅनेलवर कुठेही क्लिक केलं की खातं उघडतं. आता फक्त उधारीच्या लेबलला टूलटिप द्या आणि नेमकं त्या आकड्यावर क्लिक करून बघा. ढिम्म. दोन बोटं बाजूला क्लिक केलं तर खातं लगेच उघडतं. कारण टूलटिप दिली की मॅनेजर त्या लेबलला स्वतःचा माउस लिसनर (इव्हेंट ऐकणारा कोड) जोडतो. ज्याला लिसनर आहे अशा सगळ्यात आतल्या घटकालाच इव्हेंट मिळतो, त्यामुळे क्लिक लेबलपाशीच अडकतो आणि पॅनेलला पत्ताच लागत नाही.

इव्हेंट हाताने पॅनेलकडे ढकलता येतो, पण मला ते गचाळ वाटतं. त्यापेक्षा लेबलला टूलटिप देऊच नका. पॅनेललाच रिकामी स्ट्रिंग (कोरा मजकूर) देऊन मॅनेजरकडे त्याची नोंद करा आणि त्याचं माउस इव्हेंट घेणारं 'गेट टूलटिप टेक्स्ट' ओव्हरराइड करा, म्हणजे त्याजागी स्वतःचा कोड लिहा. कर्सरखाली कोणतं लेबल आहे ते बघून मजकूर परत द्यायचा. जेटेबललाही (स्विंगचा तक्ता) हाच मार्ग. फक्त सॉर्टिंग चालू असेल तर दिसणारी ओळ आणि मॉडेलमधली (मूळ डेटातली) ओळ वेगळी असते, ती बदलून घ्या, नाहीतर क्रोसिनवर दुसऱ्याच गोळीची एक्स्पायरी दिसेल.

टूलटिपमधल्या लिंकवर क्लिक हवा असेल तर नाद सोडा. लिंक निळी दिसते, पण दाबली जात नाही, उलट बटण दाबताच टूलटिप बंद होते. त्यासाठी स्वतःचा पॉपअप करून त्यात एचटीएमएल दाखवणारा जेएडिटरपेन बसवायचा.

पाचपैकी साडेतीन स्टार. अर्धा जेट्रीमुळे (स्विंगची फांद्या-फांद्यांची यादी) गेला: जेटेबलची नोंद आपोआप होते, जेट्रीची मात्र मॅनेजरकडे स्वतः करावी लागते.