रोल घरी धुवायचा टँक, दोन पावसाळे वापरून झाल्यावर

आमच्याकडे रत्नागिरीत पूर्वी स्टुडिओत रोल धुवायला टाकला की दोन दिवसांत पाकीट हातात यायचं, आता तिथे पासपोर्ट फोटो आणि मोबाईलच्या प्रिंटा निघतात, रोल म्हटलं की पोरगा तोंडाकडे बघतो. मग मी कुरियरने बाहेर पाठवायला लागलो. एकदा पाच आठवडे वाट बघून स्कॅन आले आणि निगेटिव्ह आल्याच नाहीत (नाव घेत नाही, जाऊदे). त्या रागात हा प्लास्टिकचा काळा डेव्हलपिंग टँक मागवला (रोल केमिकलमध्ये धुवायचा बंद डबा), दोन रीलवाला, रील म्हणजे फिल्म गुंडाळून ठेवायची चकती. कॅमेरा काकांचा पेंटॅक्स के-1000, त्यांनी दुबईहून आणलेला, आणि रोल बहुतेक वेळा इलफर्ड एचपी 5 प्लस, ब्लॅक अँड व्हाइट.

आधी चांगलं सांगतो. टँकला डार्करूम लागत नाही, अंधार लागतो तो फक्त रोल रीलवर चढवून झाकण लावेपर्यंत. मी रात्री बाथरूममध्ये दाराखाली गोधडी कोंबून बसतो. एकदा झाकण बसलं की लाईट लावून किचनच्या ओट्यावर आरामात बाकीचं काम. केमिकल वरच्या नरसाळ्यासारख्या तोंडातून ओतायचं, उजेड आत जात नाही. पण मधली काळी नळी टाकायला विसरू नका!! तीच उजेड अडवते, नळी नसेल तर झाकण असून नसल्यासारखं, आणि हे मला कसं कळलं ते विचारू नका.

आता रील. प्लास्टिकचं आहे, दोन बाजू पुढे-मागे फिरवल्या की आतल्या छोट्या गोळ्या फिल्मला पकडून आत ओढतात, हवा कोरडी असली की अर्ध्या मिनिटात 36 फोटोंचा रोल आत. पावसाळ्यात मात्र ह्याच्यासारखं त्रासदायक काही नाही. जरा जरी दमट असलं की फिल्म मध्येच चिकटते, पुढे जात नाही मागे येत नाही, जोर लावला की कड दुमडते. गेल्या जुलैत भाताच्या लावणीचा अख्खा रोल घेऊन मी अंधारात पाऊण तास बसलो होतो, घामाने हात ओले म्हणून फिल्म आणखी चिकटणार, बाहेरून आई विचारतेय झोपलास का आत. शेवटी फिल्म सोडवली, नुसतीच टँकमध्ये टाकली, नळी आणि झाकण लावलं, बाहेर आलो, रील हेअर ड्रायरने कडकडीत वाळवलं, परत आत. तेव्हापासून रील आदल्या दिवशीच वाळवून तांदळाच्या डब्यात ठेवतो आणि फिल्मच्या टोकाचे कोपरे कात्रीने गोल कापतो, निम्मा त्रास तिथेच कमी होतो.

गळतं का? गळतं थोडं. वरचं निळं झाकण दाबून बसवताना मध्ये बोटाने दाबून आतली हवा काढायची, मग उलटंपालटं करताना कमी गळतं, तरी फिक्सर (फोटो पक्का करणारं केमिकल) हाताला लागतोच आणि तो आंबूस वास दुसऱ्या दिवशी जेवतानाही येतो. ग्लोव्हज घाला. खाली परात ठेवा, पण जेवणाची नको, वेगळी.

तळाला एका रोलला किती मिली लागतं ते लिहिलंय, 290, मी सरळ 300 करतो. डी-76 (हा डेव्हलपर, म्हणजे फोटो उमटवणारं केमिकल) एकास एक, म्हणजे 150 डेव्हलपर 150 पाणी, 20 डिग्रीला एचपी 5 साठी 11 मिनिटं. आता 20 डिग्री म्हणजे कोकणात मे महिन्यात विनोदच, नळाला पाणीच कोमट येतं. बर्फ थेट घातला तर प्रमाण बिघडणार म्हणून बाटली बर्फाच्या बादलीत उभी करतो आणि थर्मामीटर घेऊन बसतो. पहिल्या 10 सेकंदांत चार वेळा उलटवायचं, मग दर मिनिटाला तसंच, आणि दरवेळी टँक ओट्यावर ठक्कन आपटायचा म्हणजे बुडबुडे सुटतात. मी नाही आपटलं एकदा, तर आकाशात गोल गोल ठिपके.

शेवटच्या धुण्याला आमचं बोअरचं पाणी चालत नाही, पांढरे डाग राहतात. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणा, स्वस्त पडतं. वाळत घालायला कपड्यांचे चिमटे, खालच्या टोकाला दोन चिमटे वजनासाठी, नाहीतर फिल्म गुंडाळी होते.

महिन्यातून एखादाच रोल काढत असाल तर दोन रीलवाला घेऊ नका, एकवाला पुरे. मी मात्र जास्तीचं रील घेतल्याचा पश्चात्ताप करत नाही, कारण एक ओलं असलं की दुसरं तांदळात असतं.