देवबागला डॉल्फिन ‘दिसला’ आणि दोन हजार गेले

डिसेंबरातली गोष्ट. तारकर्लीहून देवबागला जाताना रस्त्याकडेला टेबल टाकून एकजण बसला होता. मागे फलक : ‘डॉल्फिन + ५ पॉइंट. डॉल्फिन नाही दिसला तर पैसे परत.’ फलकावर निळ्याशार पाण्यातून उडी मारणारा डॉल्फिन. माझा आठ वर्षांचा मुलगा तिथेच हटून बसला. माणशी सहाशेवरून चौघांचे दोन हजार ठरले. घासाघीस जिंकल्याच्या आनंदात आम्ही सगळे पैसे लगेच जीपेवर देऊन टाकले. पावती म्हणजे वहीचा चतकोर कागद, त्यावर ‘४ सीट, दु. १२’. सकाळची फेरी नाही का, विचारलं तर म्हणे, “ताई, दिवसभर असतात ते.”

बाराला वारा सुटलेला. कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे पाणी नुसतं उसळत होतं. मला मिळालेल्या लाइफ जॅकेटचं बक्कल तुटकं. पाच पॉइंटांपैकी तीन तर बोटवाल्याने हात लांब करूनच उरकले : ते भोगवे, ती तिकडे निवती, आणि हा संगम. त्सुनामी आयलंड या वाळूच्या बेटावर भरतीचं पाणी चढलेलं, म्हणून उतरायचं नाही.

मग इंजिन बंद. बोटीवरचा पोऱ्या ओरडला, “तो बघा!” सगळे एका अंगाला झुकले, बोट कलली. लांब काहीतरी काळं वरखाली होत होतं. मुलगा किंचाळला, “दिसला!” मी मोबाइलवर झूम करून पाहिलं, तर जाळ्याला बांधलेला प्लॅस्टिकचा कॅन.

दीड तासाची सफर पस्तीस मिनिटांत संपली. पैसे मागितले तर टेबलवाला शांतपणे म्हणाला, “बाळ ओरडलं ना दिसला म्हणून? आमचा पोरगा होता की बोटीवर.” बोटवाला तर आमच्याहून वैतागलेला. “माका सीटमागे दोनशेच गावतत. ग्यारंटी कोणी दिल्यान? गादे सकाळचे दिसतत, ह्या वाऱ्यात खंय दिसतले?”

गादा म्हणजे इथला डॉल्फिन, पाठीवर कुबड असलेला. किनाऱ्यालगतच फिरतो, पण फलकावरच्यासारख्या उड्या क्वचितच मारतो. कुबड वर येतं, पंख दिसतो, की गायब. तेही पाणी संथ असेल तर. त्यामुळे जायचं तर सकाळी सातला, आणि व्यवहार थेट बोटवाल्याशी, निम्मे पैसे फेरीहून परतल्यावर द्यायचे. खरं तर ‘दिसला नाही तर पैसे परत’ हे ऐकूनच पुढे निघायला हवं होतं. १९७२च्या वन्यजीव कायद्याने या प्राण्याला पहिल्या अनुसूचीचं, म्हणजे सर्वांत कडक संरक्षण आहे. हमी पाळायची म्हणून बोटी त्याच्या मागे लागल्या तर ते आणखी वाईट.

संध्याकाळी जीपे उघडून पाहिलं, पैसे तिसऱ्याच कुणाच्या नावावर गेलेले. बंदर खात्याकडे तक्रार करावी म्हटलं, तर बोटीचा नंबर हवा. माझ्या मोबाइलमध्ये कॅनचे सात फोटो होते, बोटीचा एकही नव्हता.