आठ महिने गोडो वापरल्यानंतर: सीएनसीवाल्यानं केलेला उसाचा ट्रॅक्टर

मी शिरोली एमआयडीसीत सीएनसी लेथ (प्रोग्रॅमवर चालणारं, धातू कातायचं मशीन) चालवतो. शिक्षण आयटीआय, माध्यम मराठी, वय ३६. नोव्हेंबर २०२४ मध्ये, दिवाळी झाल्या झाल्या, गोडो हे गेम इंजिन, म्हणजे कॉम्प्युटरचे खेळ बनवायचं सॉफ्टवेअर, लॅपटॉपवर घेतलं. आता जुलै संपत आलाय आणि एक खेळ पुरा झालाय, तोही छोटा. गोडोबद्दल इंग्रजीत पुष्कळ लिहिलेलं सापडतं, पण लिहिणारे बहुतेक मुळातले प्रोग्रॅमर. सेकंड शिफ्ट करून रात्री बाराला घरी येणाऱ्या माणसाला हे कितपत जमतं, ते कुणी लिहिलेलं मला दिसलं नाही.

निमित्त भाच्याचं. तो म्हणाला, "मामा, तू मशीनला प्रोग्रॅम घालतोस न्हवं? मग गेम कर की." पोरगं बोलून गेलं, माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. आधी गावातल्या एका क्लासला अठरा हजार भरले. नाव घेत नाही. तिथं सर समोर व्हिडिओ लावायचे, मध्येच थांबवायचे आणि आम्ही पडद्यावरचं बघून टाइप करायचो. एका पोरानं विचारलं, "सर, ही ओळ काढली तर काय होईल?" सर म्हणाले, "काढू नको." दीड महिन्यात मी जायचं बंद केलं. पैसे परत मिळाले नाहीत, हे वेगळं सांगायला नको.

मग गोडो. उतरवायची झिप शंभर एमबीच्या आतली, इन्स्टॉल काही करायचं नाही, फाइल उघडली की इंजिन सुरू. माझा लॅपटॉप जुना बाजारातला, चौथ्या पिढीचा आय-थ्री, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. नवीन प्रोजेक्ट करताना रेंडरर (पडद्यावर चित्र काढणारा भाग) कुठला हवा ते विचारतं. तिथं 'फॉरवर्ड प्लस' न घेता 'कॉम्पॅटिबिलिटी' घेतलं की असल्या लॅपटॉपवरही टूडी खेळ निवांत चालतो. हे मला चौथ्या दिवशी कळलं. तोवर लॅपटॉपचा पंखा ग्राइंडरसारखा बोंबलत होता.

पैशाचं म्हणाल तर फुकट, आणि खरोखरचं फुकट. अर्जेंटिनाच्या दोघांनी, हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मंझूर यांनी, आपल्या कामासाठी बनवलेलं हे इंजिन २०१४ मध्ये एमआयटी लायसन्सखाली सगळ्यांना खुलं केलं. तुमच्या खेळातून उद्या लाख रुपये आले तरी इंजिनवाल्यांना दमडी द्यायची नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटी या दुसऱ्या गेम इंजिनच्या कंपनीनं खेळ इन्स्टॉल होण्यावर फी लावायची घोषणा केली, जगभर बोंब झाली आणि वर्षभरानं ती फी मागं घेतली. त्या काळात पुष्कळ लोक गोडोकडं वळले. मी तेव्हा यातला नव्हतो, पण नवशिक्यांसाठी व्हिडिओ जे इतके सापडतात त्याला ही गर्दीही एक कारण असणार.

आता शिकण्याचं. गोडोच्या स्वतःच्या कागदपत्रांत 'डॉज द क्रीप्स' नावाचा पहिला खेळ शिकवलाय. शत्रू चुकवत पळायचं, एवढंच. तो मी चार रात्रीत केला. चालला, भाच्याला दाखवला, कॉलर ताठ. पाचव्या रात्री रिकामा प्रोजेक्ट उघडला आणि हात गारठले. एक ओळ सुचेना. आमच्याकडं नवीन हेल्पर येतो, वर्षभर ऑपरेटरच्या बाजूला उभा राहून बघतो, सगळं कळल्यासारखी मान हलवतो आणि एक दिवस त्याच्या हातात कोरा जॉब दिला की ऑफसेट कुठून घ्यायचा तेच आठवत नाही. तीच गत. हेल्परला आम्ही काय करतो? ड्रॉइंग देतो. मला ड्रॉइंग नव्हतं, म्हणून जॉब सुरू होत नव्हता.

आमचं घर कसबा बावड्याच्या रस्त्याला. गाळप हंगामात रात्रंदिवस दारावरून उसाचे ट्रॅक्टर जातात, मागं दोन-दोन ट्रॉल्या, वर गाण्याचा दणका आणि ट्रॉलीमागं ऊस ओढायला धावणारी पोरं. आम्हीही ओढलाय, कोल्हापूरच्या मातीत वाढलेल्या कुणीही नाही म्हणू नये. वहीच्या पानावर काढलं: ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या, खड्डे, पोरं, कारखान्याचं गेट. गेटावर पोहोचताना जितका ऊस शिल्लक तितके गुण. ते पान पुढचे सहा महिने लॅपटॉपच्या झाकणाला चिकटवलेलं होतं.

दोन ट्रॉल्यांनी मला जेवढं शिकवलं तेवढं कुठल्या व्हिडिओनं शिकवलं नाही. पहिल्यांदा वाटलं, खरी ट्रॉली पिनेनं जोडलेली असते, गोडोत 'पिनजॉइंट' आहेच, जोडून टाकू. जोडली. पहिल्या वळणाला दुसरी ट्रॉली थरथरायला लागली आणि तिसऱ्या खड्ड्याला आख्खं वऱ्हाड शेतात. पंधरा दिवस आकडे बदलून बघितले. मग एका रात्री मशीनपाशी उभा असताना सुचलं की ट्रॉलीला वजन, घर्षण काही कळायची गरजच नाही. ट्रॅक्टर जिथून गेला तिथूनच तिनं जायचंय. म्हणून ट्रॅक्टरची जागा एका यादीत टिपत गेलो. नवीन जागा यादीच्या वर घालायची, शेपटाची काढून टाकायची. पहिली ट्रॉली यादीतल्या विसाव्या जागेवर, दुसरी चाळिसाव्या. सापासारखी सुंदर चालली.

आणि ट्रॅक्टर थांबवला की दोन्ही ट्रॉल्या सरकत येऊन ट्रॅक्टरच्या पोटात शिरल्या. कारण उभ्या ट्रॅक्टरचीही जागा सेकंदाला साठ वेळा टिपली जात होती, आख्खी यादी एकाच जागेनं भरत होती. मग वेळेवर टिपायचं सोडून अंतरावर टिपलं: चार पिक्सेल पुढं गेला तरच नोंद. वेग वाढवला की ट्रॉल्या लांब पडायच्या, तोही रोग त्याच औषधानं गेला. त्या रात्री मी बायकोला उठवून दाखवलं. तिनं डोळे अर्धवट उघडून "बरं" म्हटलं.

शेजारचे अण्णा हंगामात खरोखरचा ट्रॅक्टर चालवतात. त्यांना म्हटलं, बाकी झालंय, रिव्हर्स तेवढा जमंना. यादीत मागं कसं जायचं यावर तीन आठवडे घातले होते मी. अण्णा हसले. "दोन ट्रॉल्या लावून रिव्हर्स कोण घेतंय व्हय?" रिव्हर्सचं बटणच काढून टाकलं. चाळीसेक ओळी कमी झाल्या.

आता मशीनवाल्यांसाठी खास, बाकीच्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. (सोडू नका.) मार्चमध्ये भाच्याच्या मित्राच्या गेमिंग कॉम्प्युटरवर खेळ लावला आणि पोरं ओरडली, "मामा, ट्रॅक्टर उडायला लागलाय!" माझ्या लॅपटॉपवर डुलत जाणारा ट्रॅक्टर तिथं रॉकेट. मी लिहिलं होतं, प्रत्येक फ्रेमला पाच पिक्सेल पुढं. माझा पडदा सेकंदाला ६० फ्रेम दाखवतो, म्हणजे ३०० पिक्सेल. त्याचा १४४, म्हणजे ७२०. उपाय पहिल्या धड्यातच होता, 'डेल्टा'नं गुणा. डेल्टा म्हणजे मागच्या फ्रेमपासून गेलेला वेळ. मी तो शब्द पाठ केला होता, समजला नव्हता. आणि गंमत म्हणजे हे मला अठरा वर्षं येत होतं. लेथवर जी९९ हा कोड लावला की फीड (टूल सरकायचा वेग) दर फेऱ्याला, स्पिंडलचा (जॉब फिरवणाऱ्या दांड्याचा) आरपीएम वाढवला की टूल आपोआप जोरात पळतो. जी९८ लावला की फीड दर मिनिटाला, स्पिंडल कसाही फिरू दे. फ्रेमरेट म्हणजे स्पिंडल. डेल्टानं गुणलं की जी९८. क्लासच्या सरांनी एवढं एक वाक्य सांगितलं असतं तर अठरा हजार वसूल झाले असते.

डीबगर, म्हणजे कोडमधली चूक शोधायचं साधन, हेही असंच ओळखीचं निघालं. ओळीच्या बाजूला लाल टिंब लावायचं, खेळ तिथं थांबतो, मग एकेक ओळ पुढं न्यायची. हा आमचा सिंगल ब्लॉक. फरक एवढाच की इथं चुकलं तर इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) उडत नाही, टूल चकला (जॉब धरणाऱ्या पकडीला) ठोकत नाही आणि सुपरवायझर येत नाही. पहिले तीन महिने मी रन दाबताना मशीनवर दाबल्यासारखा श्वास रोखायचो. ती सवय मोडल्यावर शिकण्याचा वेग वाढला.

उलट शिकाव्या लागलेल्या गोष्टीही आहेत. गोडोच्या टूडीमध्ये वाय खाली जाताना वाढतो, शाळेतल्या ग्राफ पेपरच्या बरोब्बर उलटा. म्हणून वर उडी मारायचा वेग उणे असतो. शून्य अंशाला तोंड उजवीकडं धरतात. मी ट्रॅक्टर वर तोंड करून काढला होता, त्यामुळं तो दोन दिवस खेकड्यासारखा आडवा चालला. फाइलींची नावं विंडोजच्या फोल्डरमध्ये जाऊन बदलू नका, गोडोच्या आतच बदला. बाहेर बदलल्यामुळं माझे सगळे सीन (खेळाचे जोडलेले तुकडे) एका झटक्यात अनाथ झाले होते.

सगळ्यात जास्त वेळ कशात गेला असेल तर जुन्या व्हिडिओंत. गोडोची चौथी आवृत्ती मार्च २०२३ मध्ये आली आणि तिसरीतली बरीच नावं बदलली. 'कायनेमॅटिकबॉडी'चं 'कॅरेक्टरबॉडी' झालं, 'यील्ड'च्या जागी 'अवेट' आलं, 'मूव्ह अँड स्लाइड'च्या कंसात वेग लिहायचा तो लिहायचा नाही झाला. माणूस २०२१ चा व्हिडिओ बघून अक्षर न् अक्षर उतरवतो आणि लाल ओळी येतात. नवशिक्याला वाटतं आपलंच डोकं कमी. त्यात ४.३ मध्ये 'टाइलमॅप' बाजूला ठेवून 'टाइलमॅपलेयर' आला, म्हणजे ४ च्याही सुरुवातीचे व्हिडिओ तिथं चुकतात. व्हिडिओ लावण्याआधी आवृत्ती बघायची, एवढा नियम पहिल्या दिवशी कुणी सांगितला असता तर माझा डिसेंबर वाचला असता. त्यापेक्षा एफ-वन दाबून आतली मदत उघडा. ती तुमच्याच आवृत्तीची असते आणि नेट नसताना चालते. इंग्रजी सोपं आहे, पण इंग्रजी आहेच. मी व्हेरिएबलना मराठी नावं देतो, रोमन अक्षरांत. 'खड्डा लागला' हे नाव वाचून सहा महिन्यांनीही कळतं की तिथं काय चाललंय.

सिग्नल ही मला या इंजिनातली सगळ्यात आवडलेली गोष्ट. पोरानं ऊस ओढला की ट्रॉली नुसता हॉर्न वाजवते: ऊस गेला. तो कोण ऐकतंय हे तिला माहीत नसतं. गुणांची पाटी ऐकते आणि आकडा कमी करते, आवाजवाला ऐकतो आणि 'कटकन्' वाजवतो. नंतर मला ड्रायव्हरची शिवी घालायची होती (साधी, घरात चालेल अशी), तेव्हा ट्रॉलीच्या कोडला हातही लावावा लागला नाही. गाणं मात्र टाकता आलं नाही, हक्कांची भानगड नको म्हणून. गल्लीतल्या दोस्ताची हलगी मोबाइलवर रेकॉर्ड केली. लई भारी झालीय.

मराठी अक्षरांचं सांगतो, कारण हे कुणी सांगत नाही. गोडो ३ मध्ये जोडाक्षरं तुटायची, ४ मध्ये देवनागरी व्यवस्थित जुळते. लॅपटॉपवर 'शिल्लक ऊस' झकास दिसला. मग ब्राउझरमध्ये चालणारी आवृत्ती काढून भाच्याला पाठवली, तिथं नुसते चौकोन. लॅपटॉपवर गोडो विंडोजचा फॉन्ट उसना घेत होतं, ब्राउझरमध्ये ती सोय नाही. 'मुक्त' फॉन्टची फाइल प्रोजेक्टमध्ये ठेवून थीमला लावली आणि प्रश्न मिटला. मुक्त हा मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा, मोफत आणि खुला.

मार्चमध्ये ४.४ आलं आणि चालू खेळ एडिटरच्या आतच दिसायला लागला. छोट्या पडद्यावर हे सोयीचं. त्याबरोबर प्रत्येक स्क्रिप्टशेजारी एक 'यूआयडी' फाइल (त्या स्क्रिप्टची ओळख ठेवणारी) उगवली. मी कचरा समजून पुसणार होतो. पुसू नका.

फोनवर न्यायचं तर अँड्रॉइडचा एसडीके आणि जेडीके १७ (दोन्ही ॲप बनवायची साधनं), ॲपवर सही करायची डिजिटल की, शिवाय एक्सपोर्टचे टेम्प्लेट लागतात, जे इंजिनाच्या कितीतरी पट मोठे आहेत. दोन रविवार त्यात गेले. प्लेस्टेशन, एक्सबॉक्सची स्वप्नं बघत असाल तर त्यासाठी गोडोबाहेरच्या कंपन्या गाठाव्या लागतात. आपल्याला तूर्त बावडा ते कारखाना पुरे.

पाचपैकी गुण द्यायचे तर इंजिनाला साडेचार आणि माझ्या चिकाटीला तीन, कारण मे महिन्यात मी लॅपटॉप उघडलाच नाही. लग्नसराई, उकाडा, ओव्हरटाइम. जूनमध्ये परत उघडला तेव्हा स्वतःचं कोड परक्याचं वाटलं. झाकणावरचं पान बघून परत लागलो.

खेळ आता प्ले स्टोअरच्या दारात अडकलाय. खात्याचे एकदाच भरायचे २५ डॉलर भरले. पण नवीन वैयक्तिक खात्याला आधी किमान १२ माणसांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. माझी नऊ झालीत: भाचा, त्याचे तीन मित्र, बायको, दोन ऑपरेटर, गेटावरचा चहावाला आणि अण्णा. अण्णांची तक्रार आलीय की पोरं फार हळू पळतात, खरी पोरं याच्या दुप्पट चपळ असतात. ते दुरुस्त करतोय. तोवर तीन माणसं शोधतोय, फोन अँड्रॉइडचा हवा.