पर्यटक पास घ्यावा की दर वेळी टॅप करावं?

परक्या शहरात उतरलं की पहिली पंचाईत होते ती तिकीट मशीनसमोर. मागे रांग खोळंबलेली, पडद्यावर आठ-दहा पर्याय आणि त्यातलं सगळ्यात ठळक बटण पर्यटक पासाचं. घाईत माणूस तेच दाबतो. माझ्या मते बऱ्याचदा तिथेच पैसे जास्त जातात. पण सरसकट तसं म्हणता येत नाही, कारण ते शहर भाडं कसं मोजतं यावर सगळं अवलंबून असतं.

न्यूयॉर्कच्या सबवेत भाडं एकच, मग पुढच्याच स्टेशनवर उतरा नाहीतर शेवटच्या. लंडन आणि बर्लिनमध्ये झोन आहेत, म्हणजे शहराचे भाग पाडलेले असतात आणि किती भागांतून जाता त्यावर भाडं ठरतं. टोकियो आणि सिंगापूरमध्ये अंतर वाढेल तसं भाडं वाढतं. हॉटेल ठरवण्याआधी एवढं तरी बघून घ्यावं. एकच भाडं असेल तर लांबच्या हॉटेलात राहिल्याने फक्त वेळ जास्त जातो. झोनच्या शहरात मात्र स्वस्त खोलीत वाचलेले पैसे रोज थोडे थोडे गेटवर परत द्यावे लागतात.

आता पास की टॅप. टॅप म्हणजे बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड, फोन किंवा त्या शहराचं प्रीपेड कार्ड गेटवरच्या यंत्राला लावणं. लंडनचं ऑयस्टर 2003 पासून आहे, हाँगकाँगचं ऑक्टोपस तर 1997 पासून. टॅपच्या बाजूने सर्वांत मोठा मुद्दा आहे दिवसाच्या कमाल मर्यादेचा. लंडनमध्ये दिवसभरात ठरावीक रकमेपर्यंत भाडं कापलं जातं आणि त्यानंतर त्याच झोनमध्ये कितीही फिरलात तरी वर काही लागत नाही. म्हणजे जास्त फिरलात तर पासाचा फायदा आपोआप मिळतो, आणि पावसामुळे दुपारीच खोलीवर परतलात तर फक्त केलेल्या फेऱ्यांचेच पैसे जातात. अशी मर्यादा असलेल्या शहरात आधी पास काढून ठेवण्यात मला तरी हशील दिसत नाही.

मर्यादा नसेल तर सरळ भागाकार करा: पासाची किंमत भागिले एका फेरीचं भाडं. उत्तर पाच आलं, तर रोज पाचहून जास्त फेऱ्या होणार आहेत का? कागदावर होतात. प्रत्यक्षात सकाळी हॉटेलवरून संग्रहालय, तिथून चालत जुना बाजार, संध्याकाळी नदीकाठ आणि मग परत, अशा तीनच भरतात. सोबत लहान मूल किंवा न चालवणारे आजी-आजोबा असतील तर गणित फिरतं. दोन स्टॉपसाठीही बस लागते आणि पास वसूल होतो.

पास घेतलाच, तर तो कशावर चालतो ते वाचा. टोकियोत पर्यटकांसाठी 24, 48 आणि 72 तासांचा सबवे पास मिळतो. तो टोकियो मेट्रो आणि तोएई या दोन्ही सबवेंवर चालतो, पण जेआर या रेल्वे कंपनीच्या यामानोते लाइनवर नाही, आणि पर्यटकाला तर तीच सारखी लागते. दुसरी गोष्ट, तासांचा पास आणि वारांचा पास यांत गल्लत करू नका. पॅरिसचा आठवड्याचा नाविगो पास सोमवार ते रविवार असतो, त्यामुळे बुधवारी पोचणाऱ्याला आठवड्याचे पैसे देऊन पाचच दिवस मिळतात.

टॅपमध्येही खाचखळगे आहेत. तेच कार्ड फोनमध्ये असलं, तरी यंत्राच्या लेखी फोन वेगळा आणि प्लास्टिकचं कार्ड वेगळं. मी एकदा आत जाताना फोन लावला आणि बाहेर पडताना, बॅटरी संपली म्हणून, खिशातलं कार्ड. दोन अर्धवट प्रवास नोंदले गेले आणि दोन्हींचं जास्तीत जास्त भाडं कापलं. चूक माझीच. दोघांना एका कार्डावर जाता येईल हेही गृहीत धरू नका. उतरताना टॅप करायचं की नाही हे तर शहरागणिक बदलतं: लंडनच्या बसमध्ये फक्त चढताना, सिंगापूरच्या बसमध्ये उतरतानाही. शिवाय परदेशी व्यवहारावर आपली बँक दर वेळी शुल्क लावत असेल, तर प्रीपेड कार्ड बरं. फक्त त्यात शेवटी उरलेली रक्कम परत मिळते का, ते आधी विचारून ठेवा.

सुटं कागदी तिकीट एक-दोन फेऱ्यांपुरतं ठीक. बर्लिनमध्ये स्टेशनला गेटच नसतं. मशीनमधून घेतलेल्या तिकिटावर फलाटावरच्या छोट्या यंत्रात शिक्का मारून घ्यावा लागतो. तो नसेल तर तिकीट हातात असूनही दंड होतो.

आणि विमानतळाचं भाडं दोन्ही हिशोबांतून बाजूला काढून बघा. पॅरिसमध्ये त्याचं तिकीटच वेगळं आहे. बर्लिनचा विमानतळ सी झोनमध्ये येतो, म्हणून शहरभर एबीचा, म्हणजे फक्त ए आणि बी झोनचा, पास वापरणाऱ्याला परतीच्या दिवशी सीचं जोडतिकीट काढावं लागतं.