ज्ञान पोस्ट: आठ महिन्यांत पाठवलेली पुस्तकं आणि मांडलेला हिशोब

चिपळूणच्या आमच्या वाचनालयात एकाच पुस्तकाच्या दोन-दोन, तीन-तीन प्रती साठतात. त्या दूरच्या शाळांना पाठवायचं काम माझ्याकडे आहे. टपालखर्च वर्गणीतून निघतो, म्हणून प्रत्येक पाकिटाचं वजन, खर्च आणि पोहोचायला लागलेले दिवस मी वहीत लिहून ठेवते. खाली लिहिलंय ते त्या वहीच्या आधाराने.

१८ डिसेंबर २०२४ ला छापील पुस्तकांची जुनी सवलतीची टपालसेवा बंद झाली, तेव्हा आमचं काम थांबल्यातच जमा होतं. मग १ मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट ही टपालखात्याची पुस्तकांसाठीची स्वस्त सेवा सुरू झाली. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, तिथून वजनाप्रमाणे वाढत ५ किलोला १०० रुपये, वर कर. यात दर फक्त वजनावर ठरतो, अंतरावर नाही. रत्नागिरीला पाठवा नाहीतर भामरागडला, पैसे तेवढेच. २८० ग्रॅमचा कवितासंग्रह करासह २३ रुपये ६० पैशांत जातो. ऑक्टोबर २०२५ च्या नव्या दरांनी तोच स्पीड पोस्टाने ५०१ ते १००० किलोमीटरच्या टप्प्यात पाठवला तर ८२ रुपये आणि कर, म्हणजे ९६ रुपये ७६ पैसे होतात. एका पाकिटाच्या पैशांत चार पाकिटं जातात.

पण स्वस्त आहे एवढ्यावरच मी या सेवेला चांगलं म्हणणार नाही. ही पाकिटं रस्त्याने आणि रेल्वेने जातात, वेळ लागणारच. गडचिरोली जिल्ह्यातल्या शाळांपर्यंत माझ्या नोंदीत नऊ ते तेरा दिवस लागलेत. मला मोल आहे ते या नऊ आणि तेरामधलं अंतर कमी असण्याचं. तिथल्या सरांना मी सांगू शकते, "पंधरा तारखेनंतरचा वाचनतास ठरवा." मधल्या काळात घाई होती म्हणून एका खासगी कुरिअरने सहा पाकिटं पाठवली. दोन तिसऱ्या दिवशी पोहोचली, तीन दहाव्या-बाराव्या दिवशी, आणि एक "पत्ता सापडला नाही" असा शिक्का घेऊन एकोणीस दिवसांनी माझ्याच दारात. त्या शाळेत फोन केला तर तिकडे कुणी फिरकलंही नव्हतं. दर मात्र ज्ञान पोस्टाच्या पाचपट. सरासरी काढली तर कुरिअर वेगवान दिसेल, पण त्या सरासरीवर कुणाला तारीख देता येत नाही.

असं का होतं याचा मी बराच विचार केला. टपाल वाटण्याचा मोठा खर्च असतो शेवटच्या टप्प्याचा. पोस्टमन पाड्यावर एक पत्र घेऊन गेला काय नि वीस घेऊन गेला काय, वाट तेवढीच. झोळीत एक पुस्तक वाढलं तर जादा खर्च फारच थोडा येतो. म्हणूनच १८५४ मध्ये देशभर अंतर न बघता पत्राला अर्धा आणा असा एकच दर ठरवता आला. खासगी सेवा जिथे दाट वस्ती आणि भरपूर पार्सलं आहेत ते मार्ग निवडते. त्यात तिची चूक नाही, पण उरलेले मार्ग कुणीतरी चालवावेच लागतात. स्वस्त टपाल बंद केलं की झोळी हलकी होते, दर नगामागचा खर्च वाढतो, आणि पुन्हा दरवाढ करावी लागते.

रजिस्टर्ड पोस्टाबद्दल मला म्हणूनच वाईट वाटतं. ते आता स्पीड पोस्टात मिसळलंय. पूर्वी साधं रजिस्टर २५ रुपये ९६ पैशांत जायचं. आता बाहेरगावचं ५० ग्रॅमपर्यंतचं पाकीट ४७ रुपये, नोंदणीचे ५ आणि कर मिळून ६१ रुपये ३६ पैसे. ज्याला वेग नको, फक्त त्याच माणसाच्या हातात पडल्याची खात्री हवी, त्यालाही वेगाचे पैसे भरावे लागतात. कोर्टकचेरीची कागदं पाठवणाऱ्या शेतकऱ्याला हा फरक जाणवतो.

वापरणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचं नाव असलंच पाहिजे, आणि पाकिटात चिठ्ठी घालायचा मोह टाळा, ही सेवा छापील पुस्तकांसाठी आहे. पिनकोड ठळक लिहा. आपल्या कोकणातल्याच केळूसच्या श्रीराम भिकाजी वेलणकरांनी १९७२ मध्ये हे सहा आकडे देशाला दिले. ४४२ ने सुरू होणारा गडचिरोलीकडचा पिनकोड नीट लिहिलेला असला की माझं पाकीट आजवर भलतीकडे गेलेलं नाही. पावतीवरच्या क्रमांकावरून पाकीट कुठवर पोहोचलं तेही बघता येतं.

माझी अडचण दिवाळी अंकांची आहे. जाहिरातींचं साहित्य ज्ञान पोस्टात बसत नाही, आणि जाहिरातींशिवाय दिवाळी अंक निघत नाही. सरांनी मुलांसाठी मागितलेले गेल्या दिवाळीचे तीन अंक खाकी कागदात बांधून, पत्ता घालून ठेवलेत. वजन किलोच्या वर जातंय, आणि स्पीड पोस्टाइतके पैसे या महिन्याच्या वर्गणीत नाहीत.