तुर्भ्यातील बिनपाटीचे गॅरेज आणि टर्बो इंजिनाचे कॅम टायमिंग

ठाणे-बेलापूर रस्ता सोडून तुर्भे एमआयडीसीत शिरले की ट्रकांच्या रांगेमागे हे गॅरेज आहे. बाहेर पाटी नसल्यामुळे पहिल्या खेपेस मी दोनदा पुढे निघून गेलो. माझ्या गाडीच्या दोन कॅमशाफ्टच्या (व्हॉल्व्ह उघडणारे-मिटवणारे दांडे) जुन्या पेट्रोल इंजिनावर टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप, नंतर बसवलेला आहे. दुसरीकडच्या एका मेकॅनिकने त्यावर फिरवून व्हॉल्व्हची वेळ पुढेमागे करता येणाऱ्या कॅम पुल्या बसवल्या आणि बिनटर्बोच्या इंजिनाला मानवेल तेवढा ओव्हरलॅप (हवा आत घेणारे इंटेक आणि जळलेला वायू बाहेर सोडणारे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकदम उघडे राहण्याचा काळ) अंदाजानेच देऊन टाकला. तेव्हापासून गाडी आयडलिंगला थरथरायची आणि ४,५०० आरपीएमच्या पुढे काट्यावर बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) दिसूनही जोर मिळत नसे.

येथील काकांनी पुल्यांना हात लावण्याआधी एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (सिलिंडरांतला जळलेला वायू गोळा करणारी नळी), टर्बोच्या अलीकडे, प्रेशर गेज जोडला. बूस्ट ०.८ बार असताना तेथे १.३ बार दाब निघाला आणि दुखणे सापडले. एक्झॉस्ट स्ट्रोक संपताना दोन्हीकडचे व्हॉल्व्ह थोडा वेळ एकदमच उघडे असतात. त्या वेळी एक्झॉस्टचा दाब वरचढ असेल, तर जळलेला वायू उलट इंटेककडे घुसतो, ताज्या हवेची जागा खातो आणि सिलिंडरमधली उष्णता वाढवून नॉकिंग (इंधनाचा आपोआप होणारा भडका) ओढवून घेतो.

मग प्लगच्या भोकातून डायल गेज सोडून त्यांनी खरा टीडीसी (पिस्टन अगदी वर पोचतो तो बिंदू) शोधला, कारण क्रँक पुलीवरची खूण त्यांच्या मते केवळ शोभेची असते. इंटेक कॅम ३ अंश मागे आणि एक्झॉस्ट कॅम २ अंश पुढे घेतला. कॅमचा १ अंश म्हणजे क्रँकचे २, त्यामुळे ओव्हरलॅप क्रँकच्या हिशेबाने १० अंशांनी घटला. बेल्ट चढवल्यावर पान्याने क्रँक हातानेच दोन पूर्ण फेरे फिरवून, व्हॉल्व्ह कोठे अडत नाही याची खात्री झाल्यावरच त्यांनी सेल्फ मारू दिला.

आता आयडलिंग शांत आहे आणि वरच्या आरपीएमला गाडी मोकळी धावते. इंटेक उशिरा मिटू लागल्याने २,५०० च्या खाली मात्र ओढ किंचित कमी झाली, आणि तसे होणार हे मला आधीच सांगितले होते. तीन दिवसांच्या कामाला नऊ दिवस लागले, याची तक्रार आहेच. बिलावर फक्त ‘टायमिंग काम’ एवढेच लिहिलेले होते. नेमके अंश मागितले, तेव्हा काकांनी टायमिंग कव्हर पुन्हा काढून आतल्या बाजूला मार्करने लिहून दिले.