साधा सेल, अल्कलाइन की चार्जिंगचा?

रावेर-यावलकडे शेताची लाईट रात्रीची असली की केळीला पाणी द्यायला जाताना हातात बॅटरी लागतेच. रोज तासभर जळणाऱ्या अशा बॅटरीत चार्जिंगचेच सेल घालावेत, असं आमचं ठाम मत आहे. त्यांच्यावरचे १.२ व्होल्ट पाहून बिचकू नका. साध्या सेलचे १.५ व्होल्ट पहिल्या दिवसापासून उतरत जातात. चार्जिंगच्या सेलचे, म्हणजे निकेल-मेटल हायड्राइडचे, १.२ व्होल्ट चार्जिंग संपत येईपर्यंत जवळपास तसेच टिकतात. चार्जरचा खर्च एकदाच होतो, सेल मात्र शेकडो वेळा चार्ज होतात. ते पडून राहिले तरी उतरतात, उन्हाळ्यात जास्तच. म्हणून पाकिटावर ‘लो सेल्फ डिस्चार्ज’ लिहिलेले घ्या.

भिंतीवरच्या घड्याळाला आणि रिमोटला साधा कार्बन-झिंक सेल पुरतो. फक्त तो संपला की त्याच दिवशी काढा. त्याचं जस्ताचं डबडं हीच त्याची ऋण बाजू असते; वापरात ते झिजतं, भोक पडतं आणि आतला मसाला बाहेर येतो. बीपी मशीन किंवा मोटर असलेल्या खेळण्यांसाठी अल्कलाइनला जादा पैसे मोजणं योग्य. त्याचं डबडं पोलादी असतं, पण आत वायू साठला की सील सुटतं आणि पांढरा क्षार जमतो. हातमोजे घालून कापसाला व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून तो पुसा, मग किंचित ओल्या फडक्याने, शेवटी कोरड्याने. साध्या सेलचा पाझर आम्लधर्मी असतो, तिथे खायच्या सोड्याचं पाणी वापरा.

सेल बदलताना सगळे एकदम, एकाच जातीचे घाला. एखादा जुना राहिला तर तो आधी संपतो, बाकीचे त्याच्यातून प्रवाह रेटत राहतात आणि तोच पाझरतो. उतरलेले सेल धाब्यावर उन्हात तापवायची जुनी सवयही सोडा. उष्णतेने रासायनिक क्रिया थोडा वेळ वाढते एवढंच; जळगावच्या ४४-४५ अंशांत आधीच पातळ झालेलं जस्त मात्र फुटतं. साधे आणि अल्कलाइन सेल चार्जरला लावू नका.

टाकताना चूल, होळी आणि उकिरडा तिन्ही वर्ज्य. आगीत सेल फुटतो. पाटी काळी करायला मसाला काढण्यासाठीही तो फोडू नये. घनकचरा नियमांप्रमाणे जुने सेल ओल्या-सुक्या कचऱ्यापासून वेगळे द्यायचे असतात. २०२२ च्या बॅटरी नियमांनी ते परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. देईपर्यंत ते कोरड्या प्लास्टिकच्या बरणीत साठवा; ९ व्होल्टच्या सेलच्या टोकांना आणि बटन सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा.

बटन सेलची बरणी मुलांच्या हाताला लागता कामा नये. गिळलेला सेल दोन तासांत अन्ननलिका जाळू शकतो. उलटी करवू नका, थेट मोठं हॉस्पिटल गाठा.

इन्व्हर्टरची आणि फवारणी पंपातली शिशाची बॅटरी जुनी झाली की नवी घेताना दुकानदाराला परत द्या. शिशाचे पैसे वळते होतात. भंगारात घालण्यासाठी तिच्यातलं आम्ल मोरीत किंवा बांधावर ओतू नका. त्यात विरघळलेलं शिसं असतं.